सर्व्हर गेला की सर सुरू

झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला की आम्ही बाजूचं दार उघडतो. अडकलेला कागद एक असतो, पण बाहेर निघतात चार. मागच्या आठवड्यातला कुणाचा तरी सातबारा, रेशनकार्डाचा कोपरा, कुणाचा तरी अर्धा चेहरा. किस्स्यांचंही तसंच. एक सांगायला बसावं तर मागचे आपोआप बाहेर येतात, आणि बऱ्याचदा हात काळे करून जातात.

तर हे सगळे आमच्या दुकानातले. जामखेड रस्त्यावरचं आमचं बाजारगाव, आणि एसटी स्टँडसमोर बापूंचं ऑनलाईन सेंटर. फॉर्म, प्रिंट, झेरॉक्स, मराठी टायपिंग. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि तीन वर्षांपासून इथे कॉम्प्युटरवर बसते. मला दचकायची सवय आहे. प्रिंटर नुसता 'टुक' वाजला तरी खुर्चीत उडते. बापू म्हणतात, "अश्विनी, त्यो कागद मागतोय. जीव न्हाई मागत."

देशमाने सर गावातल्या हायस्कूलमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवून रिटायर झाले. मला आठवी ते दहावी त्यांनीच शिकवलंय. रिटायर झाल्यावर त्यांनी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली. पण हात थरथरतो, त्यामुळे लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नाही. म्हणून ते दुपारी वही घेऊन दुकानात येतात, सांगतात, आणि मी टाईप करते.

बापूंनी पहिल्याच दिवशी नियम घातला. गिऱ्हाईक आधी, कादंबरी सर्व्हर डाऊन झाल्यावर.

आमच्याकडे सर्व्हर रोज डाऊन होतो. एकदा गेला की तास-दोन तास येत नाही. लोक तालुक्याला परत जाऊ शकत नाहीत, घरी जाऊ शकत नाहीत, बाकावर बसून राहतात. त्यांच्यासमोर सर सांगणार आणि मी टाईप करणार. एवढे श्रोते आमच्या कॉलेजातल्या व्याख्यानमालेलाही कधी आले नव्हते. सर्व्हर गेला की सर सुरू!

*

कादंबरीचा विषय सोपा आहे आणि जड आहे. इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. त्यांना काटेरी तारेच्या आत वसवलं. दिवसातून तीनदा हजेरी. पारधीही त्यात आले.

सरांनी पहिली चाळीस पानं मोठ्या कष्टाने जमवली होती. कुठून कुठून इंग्रज अधिकाऱ्यांच्या जुन्या रिपोर्टांच्या झेरॉक्स आणल्या, डिक्शनरी घेऊन वाचल्या, त्यावरून माणसं उभी केली. त्या दिवशी ते सांगत होते की नायकाचा बाप स्वभावाने धूर्त, कामाचा कंटाळा असलेला, रक्तातच भटकेपण असलेला.

बाकावर झुंबरआत्या बसल्या होत्या. गावाबाहेर नाल्याकडेला बाभळींत पारध्यांची पालं आहेत, तिथल्या. साठीच्या पुढच्या. जातीच्या दाखल्यासाठी त्यांची पाचवी खेप होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ह्यो मानूस तुमी बघितला व्हता का?"

सर म्हणाले, नाही, पण कागदात तसं आहे.

"कागद कोनी लिवला?"

"तिथल्या साहेबाने."

"मग तुमी साहेबाच्या घरातलं लिवा की. त्यो किती वाजता उठायचा, बायकूला काय बोलायचा. आमच्या घरातलं त्याला काय ठावं?"

सरांनी मला फाईलचं पहिलं पान काढायला लावलं. मग म्हणाले, डिलीट कर. मी घाबरले. चाळीस पानं, तीन आठवड्यांचं टायपिंग! मी तीनदा विचारलं. कॉम्प्युटरनेही एकदा विचारलं.

"कर," सर म्हणाले. "ते पुस्तक साहेबाचंच होतं. मी नुसती हमाली केली. शाळेतही तेच केलं."

माझ्या दहावीच्या इतिहासाच्या वह्या घरी माळ्यावर आहेत. त्या रात्री मला पहिल्यांदा त्यांची आठवण झाली, आणि काढून बघायची हिंमत झाली नाही.

*

त्यानंतर झुंबरआत्यांचं आणि सरांचं जमलं. दाखला मिळाला तरी त्या येत राहिल्या. सर विचारायचे, त्या सांगायच्या.

पण सरांना पाहिजे ते त्या सांगायच्या नाहीत. सर विचारायचे, तारेच्या आत तुमच्या आजीला काय काय सोसावं लागलं? आणि आत्या सांगायच्या की हौसाआजीला तितराचा आवाज इतका हुबेहूब काढता यायचा की तारेबाहेरून खरी तितरं कुंपणापाशी येऊन बसायची. तिने एक कोंबडी पाळली होती आणि तिचं नाव 'मडम' ठेवलं होतं. संध्याकाळी साहेबाच्या बंगल्याच्या दिशेने तोंड करून मोठ्याने हाक मारायची, "मडम, खुराड्यात चल गं!" सगळी वसाहत पदरात तोंड घालून हसायची.

सर म्हणाले, हे छान आहे, पण दुःख कुठे आहे?

आत्या म्हणाल्या, "त्ये बी हाय की." आणि आवाज जराही न बदलता सांगितलं. दुपारची आणि संध्याकाळची हजेरी, यांच्या मध्ये हौसाआजी बाळंत झाली. संध्याकाळची हजेरी चुकवली तर शिक्षा, म्हणून ती पोर फडक्यात गुंडाळून रांगेत उभी राहिली. कारकुनाने डोकी मोजली. एक जास्त भरलं. हे कोण, म्हणून विचारलं. शेजारची बाई म्हणाली, नवी हाय. कारकुनाने वहीत लिहिलं, 'नवी'.

बारसं व्हायच्या आधी हजेरी झाली. पुढे घरच्यांनी दुसरं नाव ठेवून पाहिलं, पण हजेरीला 'नवी' म्हटल्याशिवाय चालायचं नाही, म्हणून तेच राहिलं.

"माझी आई," आत्या म्हणाल्या. "सत्तर वर्सांची व्हऊन मेली. नवीच."

तेवढ्यात सर्व्हर आला. बाकावरचा एकही माणूस उठला नाही. बापूंना दोनदा ओरडावं लागलं.

*

बापूंचं म्हणणं वेगळं होतं. ते मोठ्या शेतकरी घरातले. चाळीस वर्षं त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्यात, सगळ्या किल्ल्यांच्या आणि लढायांच्या. ते रोज सरांना म्हणायचे, "सर, तलवार कुठाय? घोडा कुठाय? नुसती गरीब मानसं रांगेत उभी. कोन वाचंल?"

एके दिवशी सर सांगत होते की त्या काळात कुणाला तारेच्या आत टाकायचं हे साहेबाला कसं कळायचं. गावोगावचे पोलीस पाटील नावं द्यायचे. सरांनी आत्यांना विचारलं, तुमच्या आज्याचं नाव कुणी दिलं असेल?

आत्या म्हणाल्या, "आसंल कशाला, ठावं हाय की." आणि हनुवटीने बापूंच्या मागच्या भिंतीकडे खूण केली. तिथे बापूंच्या आजोबांचा फोटो आहे. मोठा फेटा, मिशा. गल्ल्याच्या वर, चंदनाच्या हारात.

फॅन तेवढा चालू होता. माझे हात की-बोर्डवर तसेच राहिले आणि स्क्रीनवर एकच अक्षर ओळभर उमटत गेलं.

बापू उठून बाहेर गेले. दोन दिवस दुकानात आले तरी सरांशी बोलले नाहीत. झुंबरआत्यांशी तर नाहीच. आत्या मात्र बाकावर रोजच्यासारख्या बसायच्या. एकदा मी हळूच म्हटलं की आत्या, नको होतं सांगायला. त्या म्हणाल्या, "पोरी, मी फोटू बघती हितं येती तवापासून. मी कवा काय म्हनलं का? सरांनी इचारलं म्हनून बोलले."

तिसऱ्या दिवशी बापूंनी सरांना सांगितलं की कादंबरीत पाटलाचं नाव बदला. सर म्हणाले, बदलतो. कादंबरीच आहे, नाव बदलता येतं.

बापू परत काउंटरवर गेले. अर्धा तास पावत्या लावत बसले. मग तिथूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या नाव. खरंच ऱ्हाऊ द्या. पन त्याला एक घोडा तरी द्या."

सरांनी दिला. सहाव्या प्रकरणात पाटील घोड्यावरून यादी द्यायला जातो.

*

काकडे हवालदार कधीपासून यायला लागले ते मला नक्की आठवतं, कारण त्यांनी काठी काउंटरवर आपटली आणि माझ्या हातून एका बाईंचं आधार कार्ड लॅमिनेशन मशीनमध्ये तिरकं गेलं.

नाक्यावरच्या चौकीतला प्रिंटर कायम बंद. म्हणून ते कागद वॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि दुकानात प्रिंट घ्यायला यायचे. मोबाईलवरचं बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही. एकदा असेच आले आणि सर्व्हर गेलेला. बाकावर जागा नव्हती. उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट नसतानाही आले.

आणि काय तन्मय होऊन ऐकायचे! साहेबाने हौसाला पाण्याच्या घागरीसकट उन्हात उभं केलं, त्या प्रकरणाला तर त्यांचे डोळे लाल झाले. म्हणाले, असला साहेब माझ्या हाताखाली पायजे व्हता. सर म्हणाले, तुम्ही त्याच्या हाताखाली असता.

पुढच्या प्रकरणात सरांनी एक देशी जमादार आणला. रोज हजेरी घेणारा. वाईट नाही, चांगलाही नाही. घरी पोरांना गूळ नेणारा. त्याच्या हातून एक म्हातारा मरतो. मारहाणीने नाही. तापाने फणफणलेला असताना त्याला हजेरीला उभं करतो, म्हणून.

काकडे हवालदार म्हणाले, "पन सर, त्याचं काय चुकलं? त्याला वरून यादी आली."

झुंबरआत्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तंबाखू मळत म्हणाल्या, "व्हय की. आमच्या पालावर बी तुमी यादी आली की येता. तुमचं कुठं काय चुकतं?"

हवालदार हसले. हसता हसता थांबले. मग टोपी घालून गेले. चार दिवस आलेच नाहीत.

पाचव्या दिवशी आले आणि मला विचारलं की त्या जमादाराचं पुढं काय झालं.

*

आता संतोषचं सांगायला पाहिजे. झुंबरआत्यांचा धाकटा. चोवीस वर्षांचा, बारावी पास, हेवी व्हेईकलचं लायसन. कोपरगावकडच्या एका शाळेत बसवर ड्रायव्हर म्हणून त्याला घेणार होते. पोरांची बस, म्हणून चारित्र्य पडताळणीचा दाखला पाहिजे. फॉर्म मीच भरला. जिल्हा अहिल्यानगर, तालुका जामखेड. 'आपणावर कोणताही गुन्हा दाखल आहे का?' संतोष म्हणाला, नाही. मी 'नाही'वर क्लिक केलं. खरंच नव्हता.

पण आमच्या गावची यात्रा असते. यात्रेच्या दोन दिवस आधी पालांवरची तरुण पोरं उचलून चौकीत बसवतात. खबरदारी म्हणून. यात्रा उठली की सोडतात. गुन्हा नाही, कोर्ट नाही, फक्त एका वहीत नाव चढतं. संतोषचं तीन वर्षं चढलं होतं. आणि यंदा यात्रा शनिवारी, त्याची बस चालवून दाखवायची ट्रायल शुक्रवारी, पडताळणी अजून चौकीत पडलेली. काकडे हवालदारांनीच बापूंना सांगितलं होतं की यंदा परत नाव चढलं तर शेरा काही सरळ जाणार नाही. असं सांगताना त्यांनी माझ्याकडे बघून पेन मागितलं आणि न लिहिताच परत दिलं.

सरांनी अर्ज लिहिला. मी टाईप केला. काय सुंदर अर्ज होता! तो कायदा कधीच रद्द झाला, माणूस जन्माने गुन्हेगार नसतो, स्वतंत्र देशात खबरदारी म्हणून एका जमातीची हजेरी घेणं म्हणजे काय ते सगळं. सर स्वतः एसटीने जाऊन वरच्या ऑफिसात देऊन आले.

दहा दिवसांनी त्याच अर्जाची प्रत परत आली. मागे शिक्का आणि एक ओळ: 'संबंधितांस चौकशीकामी हजर राहण्यास सांगावे.'

आत्यांनी विचारलं, काय लिवलंय? सरांना वाचून दाखवता येईना. मी वाचलं. आत्या म्हणाल्या, "बघा सर. आजीला तारंच्या आतून सोडलं. वहीतून न्हाई."

*

त्याच आठवड्यात सरांनी अकरावं प्रकरण काढलं. मी दोन ओळी टाईप केल्या आणि थांबले, कारण ही गोष्टच नव्हती. नुसता तक्ता होता. अनुक्रमांक, नाव, वय, वस्ती, शेरा. वसाहतीची हजेरीची वही.

मी म्हटलं, सर, हे कुणी कसं वाचणार? सर म्हणाले, "वाचायचं नाही. हाक मारायची."

झुंबरआत्यांना आठवत होती ती नावं आधी आली. एक, हौसा, वय बावीस. दोन, नवी, वय एक दिवस. मग पालावरच्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारून चार नावं आली. बाकीच्यांची कुणालाच आठवत नव्हती. इंग्रजी कागदात तर फक्त आकडे, एवढे पुरुष, एवढ्या बायका, एवढी मुलं. सर म्हणाले, इथून पुढे मला रचायला पाहिजे. आकड्यांना नावं ठेवायची. इतिहासकार ते करू शकत नाही, कादंबरीवाला करू शकतो. पण माझ्याकडची नावं संपली.

मग बाकावरच्यांना विचारलं. सर्व्हर दुपारपासून गेलेलाच होता. ज्याला त्याला म्हटलं, तुमच्या घरातलं असं नाव द्या जे कुठेच लिहिलेलं नाही.

बापूंनी आजीचं दिलं, पाटलीणबाईंचं. म्हणाले, ती पालावरच्या बायकांना चोरून भाकरी द्यायची असं ऐकलंय.

आत्या म्हणाल्या, "न्हाई देत हुती. पन लिवा."

लिहिलं. सगळे हसले. बापूही.

काकडे हवालदार दारात उभे होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "सगुना लिव."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर रस्त्याकडे बघत सांगत होते. त्यांची आई. दरवर्षी दिवाळी झाली की कोपरगाव भागात ऊस तोडायला जायची, नवऱ्याबरोबर. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्याचं नाव आणि पुढे 'एक कोयता'. बावीस वर्षं तोडला तिने ऊस. फडातच गेली. त्या दिवशी वहीत खाडा पडला तोही वडिलांच्या नावावर.

"वय?" मी विचारलं. मला तक्ता भरायचा होता.

"चाळीस टाक. तेवढीच हुती."

नऊ नंबरला सगुणा आली. वय चाळीस. शेऱ्याचा रकाना सरांनी सगळ्यांचा रिकामा ठेवायला सांगितला होता.

मग सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, अश्विनी, तू एक दे. मला काही केल्या नाव सुचेना. घरात इतक्या बायका होऊन गेल्या, आणि मला एकही नाव आठवेना. मी म्हटलं, उद्या देते. दिलंच नाही.

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी एवढं सांगते की काकडे हवालदारांची आता बदली झाली. त्यांच्या जागी दुसरे आलेत. चौकीत नवा प्रिंटर आलाय. याद्या तिथेच निघतात, आम्हाला दिसत नाहीत. सरांची कादंबरी तीन प्रकाशकांकडून परत आली. एकाने लिहिलं, विषय जुना झाला. सर अजून येतात. पुढचा भाग सांगतात.

तर तो गुरुवार. यात्रेच्या दोन दिवस आधीचा. सकाळी अकराला सर्व्हर गेला. सरांनी अकराव्या प्रकरणाचं प्रूफ काढायला सांगितलं आणि ते चहाला गेले. मी प्रिंट दिली. त्याच वेळी दुकानाच्या मोबाईलवर काकडे हवालदारांचा मेसेज आला. एक तक्ता. अनुक्रमांक, नाव, वय, वस्ती, शेरा. तेही दिलं प्रिंटला. बाहेर जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली, मी दचकले, ट्रेमधून कागद उचलला आणि आत आलेल्या हवालदारांच्या हातात ठेवला. त्यांनी न बघता घडी घालून वरच्या खिशात टाकला. जीप गेली.

ट्रेमध्ये राहिलेला कागद मी उचलला. चौथ्या नंबरला संतोष होता.

आता हे मी कागद देताना बघितलं होतं की नंतर, ते मला बापूंनी विचारलंय, सरांनीही विचारलंय. मला एवढंच आठवतं की मी घाबरले. चौकीचा कागद चुकीचा दिला! दुकान बंद होईल, बापूंना बोलावतील, मला बोलावतील. मी तो कागद घेतला, बापूंची स्कूटी काढली आणि नाल्याच्या रस्त्याला लागले.

पोहोचले तेव्हा पालांसमोर पोरं रांगेत उभी होती. त्यांना सांगावं लागत नाही, जीप दिसली की उभी राहतात. संतोषने उद्यासाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट आजच घालून बघितला होता, तो तसाच अंगात होता. मागे बायका. झुंबरआत्या चुलीपुढे बसलेल्या. जीपमध्ये ड्रायव्हर मोबाईल बघत होता. हवालदारांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला.

मी बाभळीपाशी स्कूटी थांबवली. आवाज द्यायचा होता. दिला नाही.

"एक," हवालदारांनी वाचलं. "हौसा. वय बावीस."

रांगेतलं कुणी हललं नाही. हवालदारांनी कागद जरा लांब धरला, जवळ धरला. हे त्यांनी दारात उभं राहून ऐकलेलं होतं, त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? खरी यादी त्यांच्या फोनमध्ये होती आणि फोन खिशात होता.

चुलीपासून आत्या उठल्या. हात पदराला पुसले.

"हजर."

हवालदारांनी त्यांच्याकडे बघितलं. मग परत कागदाकडे.

"दोन. नवी. वय एक दिवस."

"हजर," आत्याच म्हणाल्या.

जीपमधला ड्रायव्हर हसला. हवालदार हसले नाहीत. त्यांनी तीन वाचलं, चार वाचलं. आता मागच्या बायकांतून एकेक आवाज यायला लागला. ज्या म्हातारीने जे नाव सांगितलं होतं, ती त्या नावाला 'हजर' म्हणत होती. पोरं रांगेत उभीच. संतोष मागे वळून आईकडे बघत होता. सात. पाटलीणबाई. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "हजर. म्हना गं, तिला बी म्हना." आठ.

"नऊ," हवालदार म्हणाले.

आणि थांबले. कागद धरलेला हात तसाच. ओठ हलले, पण नाव आलं नाही. वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडत होता, तेवढाच आवाज.

आत्या चार पावलं पुढे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "वाचा की, हवालदार. ती बी हितंच हाय."

हवालदारांनी वाचलं. "सगुना. वय चाळीस."

बायका गप्प राहिल्या. ते नाव त्यांच्यातल्या कुणाचं नव्हतं. आत्याही गप्प. सगळी वाट बघत होती.

"हजर."

आवाज माझा होता. मीच दचकले.

हवालदार वळले. मला बघितलं, स्कूटी बघितली, माझ्या मुठीतला चुरगळलेला कागद बघितला. चालत माझ्यापाशी आले. हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला, बोटाने चौथ्या ओळीपाशी थांबून वाचला. मग दोन्ही कागद एकत्र केले, एकच घडी घातली आणि खिशात ठेवले. रांगेतल्या पोरांना हातानेच 'जा' म्हणून खूण केली.

"ह्ये," ते म्हणाले, "सर्व्हर गेल्यावर वाचू."